गाठ दिसली नाही

कर्नलबाई नेहमी जिन्यानेच चढायच्या. सहा मजली हॉस्पिटल, दोन लिफ्ट आणि त्यातली एक कायम रुसलेली, पण बाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं. बावीस वर्षं लष्करात काढलेल्या पायांना सहा मजले म्हणजे अंगणातली येरझार. त्या सकाळी तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या उघड्या दारातून बाहेर आलेले दोन जाडजूड पाय त्यांना दिसले, ते त्या जिन्यामुळेच.

पाय ओळखीचे नव्हते. आवाज मात्र होता.

"कोण, डॉक्टरबाई का? बुटांवरून ओळखलं! इतर डॉक्टर चालतात, तुमची परेड होते."

पायांमागून पोट आलं, पोटामागून ग्रीसने माखलेले दोन हात आणि सगळ्यात शेवटी हसरा, घामेजलेला चेहरा. लिफ्टमिस्त्री! अडीच महिन्यांपूर्वी याला हृदयविकाराचा जबर झटका आला होता आणि पाच आठवड्यांपूर्वी बाईंनी स्वतः त्याच्या छातीवर प्रोब फिरवून इको केला होता.

"कामावर आलात पण?"

"रजा संपली. आणि तुमच्या कृपेने रक्त पातळ करायच्या गोळ्याही संपल्या. नुसता ब्रश लावला तरी हिरड्यांतून रक्त यायचं हो. तुमचा रिपोर्ट वाचला आणि वॉर्डातले डॉक्टर म्हणाले, झालं, आता बंद करा."

बाईंचा कठड्यावरचा हात तिथेच थांबला.

"कुठला रिपोर्ट?"

"तुमचाच की! बायकोची ऑर्डर आहे, जाशील तिथे जवळ ठेव." मिस्त्रीने हत्यारांच्या पिशवीतून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला कागद काढला. पाना, पेचकस आणि त्यांच्या मध्ये हृदयाचा रिपोर्ट.

कागद एका पानाचा होता. अक्षर ठसठशीत, समास सुरेख. खाली बाईंची सही. आणि मधोमध एक ओळ: "हृदयाच्या टोकाशी गाठ नाही."

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. त्यांनी ती लिहिलेली नव्हती. त्यांनी लिहिलं होतं: "बरगड्यांमधून टोकापर्यंत बघायला नीट खिडकी मिळाली नाही. जेवढा भाग दिसला त्यात गाठ दिसली नाही. टोक झाकलेलं आहे. एमआरआय करावा. तोवर गोळ्या चालू ठेवाव्यात." पाच वाक्यांचं कुणीतरी एक वाक्य केलं होतं, आणि त्यातूनही नेमका एक शब्द उडवला होता. दिसली.

"मिस्त्री, हातातला पाना खाली ठेवा."

"एवढा एक बोल्ट आवळतो आणि—"

"खाली ठेवा म्हटलं ना! आणि इथेच बसा. पायरीवर. मी चाकाची खुर्ची मागवते."

"अहो, मी धडधाकट आहे!"

"ते मला अजून दिसलेलं नाही," बाई म्हणाल्या.

आता एका शब्दासाठी एवढा थयथयाट कशाला, असं कुणाला वाटेल. वाटणाऱ्याने बाईंच्या आयुष्यात थोडं मागे जायला हवं.

बाईंचे वडील फोटोच्या दुकानात काम करायचे. फोटो काढणारे वेगळे, हे काळ्या खोलीत तो कागदावर उमटवणारे. लाल दिव्याखाली, औषधाच्या पाण्यात कोऱ्या कागदावर माणूस हळूहळू प्रवेश करायचा. आधी केस, मग भुवया, मग डोळे. लहानगी बाई टाचा उंचावून बघायची. "बाबा, आला का?" "थांब. येतोय. उपटून काढायचा नसतो." माणसाच्या आतलं असंच हळूहळू उमटवायचं, हे त्या मुलीने त्याच खोलीत ठरवलं असावं. पुढे तिला लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळाली. आईने डोळ्यांना पदर लावला. वडील एवढंच म्हणाले, "तिथे उजेड फार असेल. डोळे सांभाळ."

पहिली महत्त्वाची नेमणूक झाली ती डोंगरावरच्या छावणीत. हॉस्पिटल म्हणजे पत्र्याच्या चार खोल्या. इकोचं मशीन कपाटाएवढं, सहा जवानांनी खांद्यावरून वर आणलेलं. आणि त्या मशीनचा राखणदार एक हवालदार. बाई त्याला काका म्हणायच्या, तो बाईंना साहेब.

हवालदारकाका आधी टेहळ्या होता. नऊ वर्षं त्याने शिखरावरच्या चौकीत दुर्बिणीला डोळा लावून काढली. थंडीने पायाची दोन बोटं गेली, तेव्हा त्याला खाली हॉस्पिटलात पाठवलं. तिथे हा बहाद्दर बघून बघून मशीन शिकला. डॉक्टरकीचं एक पुस्तक त्याने उघडलं नव्हतं, पण पडद्यावरच्या करड्या धुक्यात हलणारी झडप तो असा पकडायचा की भले भले डॉक्टर तोंडात बोट घालायचे. धुकं हा त्याचा जुना सोबती होता.

एकदा एक ट्रक दरीच्या कडेला उलटला. चालकाच्या बरगड्या मोडल्या. बाईंनी इको केला आणि ऐटीत लिहिलं, "हृदयाभोवती पाणी नाही." सही ठोकली. काकाने कागद वाचला आणि तसाच परत आणून टेबलावर ठेवला.

"साहेब, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचारा काका."

"जवानाला कुशीवर वळवलं होतं?"

"कसं वळवणार? बरगड्या मोडल्यात त्याच्या."

"मग मागची बाजू दिसली?"

बाईंनी तो कागद पुन्हा ओढून घेतला.

"मग पाणी नाही, हे आपल्याला कुणी सांगितलं?"

बाईंचे कान तापले. त्या तेव्हा कॅप्टन होत्या, नवीन होत्या, आणि पायाची दोन बोटं गेलेला एक हवालदार त्यांची शिकवणी घेत होता. काका मात्र शांत होता. "चौकीवरून आम्ही खाली खबर द्यायचो ना साहेब, तेव्हा 'शत्रू नाही' असं कधी म्हणायचो नाही. 'दिसला नाही' म्हणायचो. कुठून बघितलं, कुठवर दिसलं, धुकं कुठे होतं, हेही सांगायचो. 'नाही' म्हटलं की खालची पलटण बूट काढून झोपते. 'दिसला नाही' म्हटलं की एक जण जागा राहतो."

चार जवानांनी धरून चालकाला हलकेच वळवलं. मागच्या बाजूला पाणी होतं. चांगलं दोन बोटं.

तो चालक वाचला आणि बाईंचं अक्षर कायमचं बदललं. पुढे हृदयरोगाचं उच्च शिक्षण झालं, हृदयाची चित्रं काढायची नवी नवी यंत्रं आली, बाई कर्नल झाल्या, पुढे लष्करातून निवृत्त होऊन या हॉस्पिटलात आल्या, तरुण डॉक्टरांच्या पंधरा तुकड्या त्यांच्या हाताखालून गेल्या. प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी हवालदारकाकाची गोष्ट सांगितली जायची. शिवाय बाईंच्या खिशात कायम एक जाड वही असायची. ज्या रुग्णाचं हृदय पूर्ण दिसलं नाही त्याची नोंद त्या वहीत. तारीख, रुग्णाचा क्रमांक, काय झाकलेलं राहिलं. टेहळणीवही, असं त्या म्हणायच्या. घरी नवरा चिडवायचा, "माझीही नोंद आहे का गं त्यात? माझंही बरंच काही तुला अजून दिसलेलं नाही." तो शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस, नकाशातली कोरी जागा म्हणजे काय हे त्यालाही ठाऊक होतं.

तर अशा बाईंच्या सहीवर कुणीतरी "नाही" लिहिलं होतं.

मिस्त्रीचा एमआरआय दुपारीच झाला. बाईंच्या विभागातली तंत्रज्ञ, जिला सगळे ताई म्हणत, पडद्यासमोर बसली होती. हृदयाचं टोक उमटलं. झटक्याने ते निकामी झालेलं, न हलणारं. तिथे रक्त साचून राहिलेलं आणि त्यात द्राक्षाएवढी एक गाठ, देठावर झुलावी तशी झुलत होती. सुटली असती तर थेट मेंदूत.

"अगं बाई," ताई म्हणाली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

मिस्त्रीला पलंगावर झोपवून गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. बाईंनी त्याला चित्र दाखवलं. त्याने झुलत्या गाठीवर बोट ठेवलं. "म्हणजे केबिन शाफ्टच्या तळाशी अडकलीय म्हणा की."

"हो. आणि ब्रेक काढून तुम्ही वर-खाली करत होतात."

त्याची बायको पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. ती हसली नाही. "मी तेव्हाच म्हटलं होतं. एवढं मोठं हॉस्पिटल आणि रिपोर्ट एवढा तोकडा कसा! पण आमचं कोण ऐकतं? बाई, तुम्ही असं कसं लिहिलंत हो?"

मी नाही लिहिलं, असं बाई म्हणू शकल्या असत्या. पण सही त्यांची होती. "शोधून काढते," त्या म्हणाल्या आणि ताडताड खालच्या मजल्यावर गेल्या.

खालच्या मजल्यावर व्यवस्थापक बसायचे. त्यांच्या शर्टाला, टेबलावरच्या कागदांना आणि बोलण्याला सारखीच इस्त्री असायची, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना इस्त्रीसाहेब म्हणत. त्यांनी लपवाछपवी केली नाही. उलट अभिमानाने सांगितलं. आठ महिन्यांपूर्वी 'सुलभ प्रत' सुरू झाली होती. डॉक्टर संगणकावर लिहून सही करतात तो मूळ मजकूर संगणकाच्या पोटातच राहतो. वॉर्डात आणि रुग्णाच्या हातात जाते ती सुलभ प्रत. लांब वाक्यं छोटी, शंका काढून टाकलेल्या, सगळं एका पानात. हे काम संगणक आपोआप करतो.

"आणि माझी सही?"

"तीही आपोआप येते, मॅडम."

"मला कुणी विचारलं?"

"परिपत्रक काढलं होतं ना! मॅडम, एवढं काय? 'दिसली नाही' काय आणि 'नाही' काय, अर्थ तर एकच. उलट 'दिसली नाही' वाचलं की लोकांना शंका येते. फोन करतात. मग आहे की नाही, विचारतात."

"यावी शंका! यावी म्हणूनच लिहिलं होतं! विचारावं त्यांनी!"

बाईंचा आवाज परेडच्या मैदानावर घडलेला. बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावू लागली. इस्त्रीसाहेबांनी उठून दार लावलं.

"काल दुपारी मी तुमच्या खोलीत आले होते," बाई म्हणाल्या, आता अगदी हळू. "तुम्ही दिसला नाहीत. मग मी काय करायला हवं होतं? व्यवस्थापक नाहीत, खुर्ची रिकामी आहे, दुसरा माणूस नेमा, असं परिपत्रक काढू?"

साहेब कसनुसं हसले. मग त्यांनी खणातून एक छापील कागद काढला. घडलेल्या प्रकाराची नोंद. कारणाच्या रकान्यात आधीच टाइप केलेलं होतं: तंत्रज्ञाची नजरचूक.

"ही फक्त औपचारिकता हो. ताईंना एक साधी समज देऊ, विषय संपला. मिस्त्री तर बरे आहेत ना?"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते बाईंना त्या क्षणी कळलं. एकोणीस वर्षं त्या ताईने अवघडलेल्या, घाबरलेल्या, रडणाऱ्या माणसांना हळुवार कुशीवर वळवलं होतं. चूक संगणकाची, हुकूम साहेबाचा, आणि मान कुणाची, तर ताईची!

बाईंनी तो कागद उभा फाडला, मग आडवा फाडला आणि चारही तुकडे नीट जुळवून टेबलावर ठेवले. "मिस्त्री एक झाला. आठ महिन्यांत असे किती? प्रत्येकाला बोलवा."

"ते शक्य नाही. घबराट होईल. आणि तशी यादीही आमच्याकडे नाही."

"तुमच्याकडे नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी खिशातली वही काढली.

आठ महिन्यांत त्रेसष्ट नोंदी होत्या. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत दोघी इकोच्या खोलीचं दार लोटून बसायच्या. ताई जुन्या रजिस्टरमधून क्रमांकावरून फोन नंबर शोधायची, बाई बोलायच्या. डबे तसेच राहायचे. ताईला फाडलेल्या कागदाची बातमी लागली होती. तेव्हापासून ती रोज बाईंच्या डब्याचं झाकण स्वतः उघडून ठेवायची आणि दरडावायची, "दोन घास खा आधी. आवाज बसलाय तुमचा."

माणसं येऊ लागली. कुणी चिडलेली, कुणी घाबरलेली. एक आजोबा म्हणाले, "आठ महिने मी मजेत होतो, आता तुम्ही मला आजारी केलंत." पुन्हा तपासण्या झाल्या. बहुतेकांच्या टोकाशी खरंच काही नव्हतं. तिघांकडे गाठी निघाल्या. वेळेत निघाल्या.

एक्केचाळिसावा फोन एका मुलीने उचलला. बाईंनी रुग्णाची, म्हणजे तिच्या आईची, चौकशी केली.

"आईला गेल्या महिन्यात मेंदूचा झटका आला. उजवा हात गेलाय आणि बोलता येत नाही. तुम्ही कोण?"

संध्याकाळी बाई त्यांच्या घरी गेल्या. इस्त्रीसाहेबांनी निरोप पाठवला होता, कुणाच्या घरी जायचं नाही, काही कबूल करायचं नाही. निरोप आणणाऱ्याला बाईंनी विचारलं, "निरोप लेखी आहे का? नाही? मग मला तो दिसला नाही."

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. खिडकीपाशी टेबल, टेबलावर पेन्सिलींचा डबा, भिंतभर शब्दकोश. आई आयुष्यभर छापखान्यात मुद्रितशोधक होती. छापायला जाणाऱ्या पानांतल्या चुका शोधायचं काम. सुटलेली वेलांटी, चुकलेला काना, गळालेला शब्द. आणि आता तिच्याच तोंडातून सगळे शब्द गळाले होते. ती खुर्चीत ताठ बसून पाहुणीकडे बघत होती. डोळे मात्र जागे होते.

बाईंनी मुलीला सगळं सांगितलं. काही न लपवता. मुलीच्या कपाळावरची शीर तटतटली.

"म्हणजे त्या एका शब्दामुळे आईचं हे झालं?"

"तसं मला ठामपणे सांगता येणार नाही. तिच्या टोकाशी तेव्हा गाठ होती का, ते मला दिसलं नव्हतं. पण मी गोळ्या चालू ठेवा म्हटलं होतं आणि त्या बंद झाल्या. शब्दामुळे झालं नाही, असंही मी म्हणू शकत नाही."

"आणि हे तुम्ही आता सांगताय?"

"आता कळलं. आधी कळायला हवं होतं. सही माझी होती, छापलेली प्रत मी कधी बघितलीच नाही. ती चूक माझी."

मुलगी उठून आतल्या खोलीत गेली. दार लागलं. बाई तशाच बसून राहिल्या. दोन कागद त्यांच्या मांडीवर होते, एक मूळ मजकुराचा, एक सुलभ प्रत. आईने डावा हात पुढे केला. बाईंनी दोन्ही दिले.

आईने ते टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. फार वेळ लागला. डोळे एका कागदावरून दुसऱ्यावर जात होते, अडखळत होते, पुन्हा ओळीच्या सुरुवातीला येत होते. मग डाव्या हाताने तिने डबा चाचपला आणि पेन्सिल उचलली. सुलभ प्रतीवर "गाठ" आणि "नाही" यांच्या मधे, ओळीच्या खाली, तिने एक खूण काढली. थरथरती, वाकडी, पण चुकायला वाव नसलेली. काकपद. कावळ्याच्या पायासारखी ती छोटी खूण मुद्रितशोधक तेव्हाच करतो, जेव्हा तिथला शब्द सुटलेला असतो.

शब्द लिहायला ती पेन्सिल टेकवून राहिली. हात चालेना. तिने पेन्सिल बाईंपुढे धरली.

कर्नलबाईंनी वर लिहिलं: दिसली.

आईने मान डोलावली. मग डाव्या हाताची मूठ करून टेबलावर एकदा आपटली. पेन्सिली डब्यात खणखणल्या. मुलगी दार उघडून धावत बाहेर आली.

"ओरडायचंय तिला," मुलगी म्हणाली. "आजवर असं केलं नव्हतं तिने."

"ओरडायलाच हवं," बाई म्हणाल्या.

मुलीने हॉस्पिटलला पत्र लिहिलं, बाईंनी त्याला जोडून आपलं लिहिलं. दोन्ही पत्रं वरपर्यंत गेली. बैठका झाल्या. महिन्याभराने इस्त्रीसाहेबांनी विजयी चेहऱ्याने नवा नमुना आणला. सुलभ प्रत तशीच. फक्त अगदी तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत एक टीप: या प्रतीतील 'नाही' म्हणजे 'दिसले नाही' असे वाचावे.

"बघा मॅडम, तुमचा शब्द परत आला!"

"भिंग लागेल."

"नमुना मंजूर झालाय आता. बदलता येणार नाही."

दुपारी बाई शिक्के बनवणाऱ्याच्या दुकानात गेल्या. त्याने चष्म्याच्या वरून कागद पाहिला.

"बाई, यात नाव नाही, पदवी नाही. नुसतं 'दिसली'? आणि खाली हे कावळ्याचं पाऊल?"

"तेवढंच."

"अर्धवट वाटतंय."

"बाकीचं छापलेलं असतं," बाई म्हणाल्या. "मोठा करा. जांभळी शाई द्या."

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या विभागाची एकही प्रत शिक्क्याशिवाय बाहेर गेली नाही. छापून आलेला प्रत्येक कागद बाई वाचायच्या, मूळ मजकुराशी ताडून बघायच्या आणि जिथे शब्द गळलेला असेल तिथे ठप्प! वॉर्डातले डॉक्टर फोन करायचे, मॅडम, हे जांभळं काय, म्हणजे गाठ आहे की नाही? मग बाई सावकाश सांगायच्या, कुठून बघितलं, कुठवर दिसलं, धुकं कुठे होतं.

इस्त्रीसाहेब एकदा स्वतः वर आले. लिफ्टने. लिफ्ट मिस्त्रीने नीट केली होती. तो पूर्ण बरा होऊन कामावर आला होता आणि गोळ्या चालू असल्याचं भेटेल त्याला सांगत होता.

"मॅडम, हे शिक्के थांबवा. कागद घाण दिसतो."

"दिसतो ना?" बाई म्हणाल्या आणि पुढचा कागद ओढून घेतला. ठप्प!